तेरा नियम आणि एक हंगाम

खेळ म्हणजे मुलांचा पोरखेळ, त्याची नोंद ती काय ठेवावयाची, अशी आपल्याकडे पुष्कळ काळ समजूत होती. पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केम या गांवाचें नांव कुंकवाच्या धंद्यामुळें महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचलें. परंतु केमच्या काय किंवा करमाळें-बार्शीकडील दुसऱ्या एखाद्या गांवच्या काय, मुलांचा हुतूतू कोणत्या नियमानें चालत असे, हें लिहून ठेवण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. एकाच खेळास महाराष्ट्रांत हुतूतू, बंगालकडे हाडुडू व मद्रासकडे चेडुगुडु म्हणत. मेलेला गडी पुन्हां उठवावयाचा कीं नाहीं, याविषयींहि ठिकठिकाणची वहिवाट निराळी. नियम तोंडीं असला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम खरा ठरतो, आणि दोन गांवांचा सामना पुष्कळदां दोन गांवांच्या भांडणांत संपतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम ठरविण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां या जुन्या खेळास प्रथम कागदाचा आधार मिळाला.

आपल्याकडे खेळ आधीं होते आणि नियम मागाहून आले. अमेरिकेंत मात्र एका खेळाचे नियम आधीं लिहिले गेले आणि खेळ मागाहून जन्मास आला. तो खेळ म्हणजे बास्केटबॉल. त्याच्या जनकानें पुढें एका विद्यापीठांत संघ उभा केला. त्या संघाचा पहिला हंगाम १८९९ सालीं झाला. त्या हंगामाचा इतिहास जय-पराजयाच्या आंकड्यांत पाहिला तर चार ओळींत संपतो. परंतु त्यानें एक प्रश्न मागें ठेवला, आणि त्याचें उत्तर मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. खेळाचा नियम सर्वांस सारखा, हें खरें. परंतु मैदानाच्या रेषेच्या आंत पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाचा?

या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ सालीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत झाला. वयाच्या नवव्या वर्षीं आईबाप विषमज्वरानें गेले आणि मामाच्या घरीं शेतावर कष्ट करीत ते वाढले. माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठाची पदवी त्यांनीं १८८७ सालीं घेतली व त्यानंतर धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. धर्मोपदेशकाचें काम सोडून हा तरुण व्यायामशाळेकडे वळला याचें त्या वेळीं अनेकांस नवल वाटलें. चांगल्या आचरणाचे धडे व्यासपीठावरून देतां येतात तसे ते खेळाच्या मैदानावरहि देतां येतील, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून ते मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें गेले. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय. एम्. सी. ए., या संस्थेचे कार्यकर्ते तेथें तयार होत असत.

१८९१ सालच्या हिंवाळ्यांत तेथील अठरा विद्यार्थ्यांच्या एका वर्गानें शिक्षकांस जेरीस आणलें होतें. बाहेर बर्फ, आंत तीच तीच कवाईत. फुटबॉल घरांत आणावा तर हातपाय मोडावयाचे. संस्थेच्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनीं नेस्मिथ यांस चौदा दिवसांची मुदत देऊन घरांत खेळतां येईल असा नवा खेळ काढण्यास सांगितलें. नेस्मिथ यांनीं जुने खेळ एकेक करून तपासले. मैदानी खेळांत दांडगाई कोठून शिरते? चेंडू घेऊन धांवणाऱ्यास अडवावें लागतें, त्यामुळें धरपकड होते. म्हणून चेंडू हातांत घेऊन धांवावयाचेंच नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. गोल जमिनीवर उभा असला कीं चेंडू सर्व बळ लावून मारावासा वाटतो. तोच डोक्यावर आडवा ठेवला तर बळापेक्षां नेम उपयोगी पडतो. ही दुसरी कल्पना त्यांस बालपणींच्या एका खेळावरून सुचली. मोठ्या धोंड्यावर लहान दगड ठेवून तो दुरून नेमानें पाडावयाचा, असा तो खेळ होता. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असा.

संस्थेच्या शिपायाकडे पेट्या मागितल्या, त्या नव्हत्या. पीच नांवाच्या फळांच्या दोन करंड्या मिळाल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास त्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता; तीच उंची आजतागायत कायम आहे. करंड्यांस बूड असल्यानें चेंडू आंत पडला कीं शिडी लावून काढावा लागे. तेरा नियम कागदावर टंकलिखित करून भिंतीस लावले आणि २१ डिसेंबर १८९१ रोजीं नऊ-नऊ गड्यांचे दोन पक्ष उभे राहिले. त्या पहिल्या सामन्यांत अवघा एक गोल झाला. खांद्यानें ढकलणें, धरणें, पाय अडकविणें, मारणें हीं सर्व निषिद्ध. दुसऱ्यांदा अपराध करणाऱ्या गड्यानें पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावें. एका पक्षाकडून लागोपाठ तीन अपराध घडले तर प्रतिपक्षास एक गोल मिळावा. दंडाची ही रचना लक्षांत घेण्याजोगी आहे. रागावर ताबा ठेवणें हें येथें केवळ सद्गुणाचें लक्षण राहिलें नाहीं, तें जिंकण्याचें साधन झालें.

त्या तेरा नियमांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खेळावें कोणीं, याविषयीं त्यांत एक अक्षरहि नाहीं. पहिल्या वर्गांतच इशिकावा नांवाचा एक जपानी विद्यार्थी होता. नियमावली जानेवारी १८९२ मध्यें संस्थेच्या मासिकांत छापली गेली आणि वर्गांतील विद्यार्थी जेथें जेथें कामास गेले तेथें तेथें खेळहि गेला. लगतच्या नॉर्थॅम्प्टन गांवीं स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो मुलींस शिकविला. मार्च १८९३ मधील त्यांच्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. कॅलिफोर्नियांत ४ एप्रिल १८९६ रोजीं स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींत सामना झाला आणि स्टॅनफर्डनें तो २ विरुद्ध १ असा जिंकला. दोन महाविद्यालयांच्या पुरुष संघांचा पहिला सामना मिनेसोटा संस्थानांत ९ फेब्रुवारी १८९५ रोजीं झालेला होता; त्यांतहि एका बाजूस नऊ गडी होते. पुढल्या वर्षीं शिकागो व आयोवा या विद्यापीठांनीं पांच-पांच गड्यांचा सामना खेळून पाहिला, आणि लवकरच पांचांचा संघ हाच नियम झाला. म्हणजे एका वर्गाचा खेळ चारपांच वर्षांत महाविद्यालयांचा खेळ झाला.

या सुमारास नेस्मिथ कोठें होते? डेन्व्हर येथें नोकरी संभाळून ते वैद्यकी शिकत होते. १८९८ सालीं वैद्यकाची पदवी पदरांत पडली आणि त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठानें त्यांस लॉरेन्स गांवीं बोलाविलें. विद्यापीठास प्रार्थनामंदिर चालविणारा व व्यायाम शिकविणारा असा एकच मनुष्य पाहिजे होता. डॉक्टर, धर्मशास्त्रज्ञ आणि व्यायामशिक्षक हे तिन्ही गुण एका ठिकाणीं असल्यानें ही जागा जणूं त्यांच्याकरितांच निर्माण झाली होती. बास्केटबॉलकरितां म्हणून त्यांस कोणीं नेमलें नव्हतें. परंतु खेळाचा जनकच गांवांत आल्यावर तरुण मुलें स्वस्थ कशीं बसणार? थोड्याच महिन्यांत विद्यापीठाचा संघ तयार झाला.

पहिला सामना ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं कॅन्सस सिटी येथील वाय. एम्. सी. ए.च्या संघाशीं झाला. खेळाच्या जनकाचे शिष्य त्यांत १६ विरुद्ध ५ असे हरले. आज एका सामन्यांत एकेक संघ शंभर गुण करतो, त्या मानानें हे आंकडे फार लहान वाटतात. त्यांचें कारण त्या काळच्या खेळाच्या पद्धतींत आहे. प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हां मध्यावर आणून दोन गड्यांमध्यें वर उडवीत, व त्यांतच वेळ जाई. ही चाल १९३७ सालापर्यंत टिकली. शिवाय व्यायामशाळाहि या खेळासाठीं बांधलेल्या नव्हत्या. जेथें छत ठेंगणें तेथें चेंडूस कमान देऊन फेंकणें कठीण होई.

पहिल्या पराभवानें संघ खचला नाहीं. त्या हंगामांत अकरा सामने झाले. सात जिंकले, चार गमावले. महाविद्यालयांचे संघ त्या बाजूस अद्याप तुरळक असल्यानें बरेचसे सामने शहरांतील वाय. एम्. सी. ए.च्या संघांशींच होत. नेस्मिथ आपल्या संघाबरोबर जात, पण पुष्कळदां सामन्यांत पंचाचें काम तेच करीत. आजच्या वाचकास हें चमत्कारिक वाटेल. ज्याचा संघ त्यानेंच पंच व्हावें, हें प्रतिपक्षानें कसें चालवून घेतलें? नियम कोणाच्याहि बाजूनें वांकविला जाणार नाहीं, अशी नेस्मिथ यांची ख्याति होती, म्हणून चालवून घेतलें. आपल्या मुलांच्या बाजूस बसून डावपेंच शिकविण्यापेक्षां दोन्ही पक्षांस एकाच मापानें मोजणें त्यांस अधिक मोलाचें वाटत होतें.

१९०७ सालपर्यंत ते संघाचे प्रमुख राहिले. नऊ हंगामांची एकंदर बेरीज निघते ५५ जय व ६० पराजय. कॅन्सस विद्यापीठाच्या संघास त्यानंतर अनेक नामांकित मार्गदर्शक लाभले. जयांपेक्षां पराजय अधिक असलेला त्यांत एकच, आणि तो या खेळाचा निर्माता! त्यांचा शिष्य फॉरेस्ट अ‍ॅलन यानें पुढें याच संघास पांचशेंहून अधिक सामने जिंकून दिले. हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, असें गुरूंनीं या शिष्यास सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. शिष्यानें तें ऐकलें नाहीं, हें खेळाच्या भरभराटीस उपकारक झालें. परंतु गुरूचें म्हणणेंहि सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. त्यांच्या दृष्टीनें संघ हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा एक भाग होता. विद्यापीठाच्या कीर्तीचा नगारा म्हणून त्यांनीं त्याकडे पाहिलें नाहीं.

अ‍ॅलन यांच्या खटपटीस यश येऊन १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. पंचाहत्तरीस टेकलेले नेस्मिथ तो सोहळा पाहण्यास गेले. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसानें झालेल्या चिखलांत झाला आणि अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. जन्मभूमि एका बाजूस व कर्मभूमि दुसऱ्या बाजूस असा हा प्रसंग होता. त्याच वर्षीं त्याच बर्लिन शहरांत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं हुतूतूचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं एका व्यायामशाळेंत जन्मलेला खेळ आणि शतकानुशतकें गांवच्या मातींत वाढलेला खेळ, दोघांनाहि एकाच नगरांत जगानें पाहिलें.

परंतु नेस्मिथ यांच्या जीवनांतील खरी कसोटी बर्लिनला झाली नाहीं. ती त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठांत झाली. लॉरेन्स हें गांव १८५४ सालीं गुलामगिरीच्या विरोधकांनीं वसविलेलें. १८६३ सालीं गुलामगिरीच्या पक्षपात्यांनीं तें जाळलें, तरी गांव पुन्हां उभें राहिलें. असल्या गांवच्या विद्यापीठांतहि पुढें नीग्रो विद्यार्थ्यांस संघांत घेत नसत. १९३३ सालीं जॉन मॅक्लेन्डन हा नीग्रो तरुण तेथें शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. नेस्मिथ यांच्या हाताखालीं शिकावयाचें, असें वडिलांनीं सांगून पाठविलेलें. तो सरळ त्यांच्यापुढें जाऊन उभा राहिला, आणि वृद्ध गुरूंनीं त्यास आपलासा केला. संघाचें दार उघडणें त्यांच्या हातीं राहिलें नव्हतें. वर्गाचें दार होतें. मॅक्लेन्डन विद्यापीठाच्या तलावांत पोहण्यास उतरला तेव्हां तलावांतील पाणी काढून टाकण्यांत आलें. असल्या प्रसंगीं नेस्मिथ त्याच्या पाठीशीं राहिले, आणि अखेर तलाव त्याच्या ज्ञातिबांधवांस मोकळा झाला. १९३६ सालीं मॅक्लेन्डननें पदवी घेतली. विद्यापीठाच्या संघाकडून मात्र तो एकहि सामना खेळूं शकला नाहीं.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजीं नेस्मिथ वारले. त्यांच्या पश्चात् सव्वाचार वर्षांनीं, १२ मार्च १९४४ रोजीं, नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील डरॅम गांवीं एक सामना झाला. मॅक्लेन्डन तेथें नीग्रो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचा संघ तयार करीत होता. त्याच गांवांतील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघहि बलिष्ठ म्हणून गाजलेला. या दोघांनीं एकत्र खेळणें त्या काळीं त्या संस्थानांत धोक्याचें होतें. रविवारीं सकाळीं, गांव प्रार्थनेस गेलें असतां, गोरे विद्यार्थी आडवाटेनें मोटारींतून आले. व्यायामशाळेचीं दारें आंतून बंद केलीं. आणि सामना झाला. मॅक्लेन्डनचा संघ ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर जें घडलें तें या आंकड्यांहून मोठें आहे. दोन्ही संघांनीं आपले गडी एकमेकांत मिसळले आणि ते दुसरा डाव खेळले. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत याविषयीं एक ओळहि आली नाहीं. जगास ही हकीकत १९९६ सालीं कळली.

महाराष्ट्राच्या वाचकास ही कथा परक्या देशाची म्हणून सोडून देतां येणार नाहीं. पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांस चेंडू टाकून टाकून तयार झालेला पळवणकर बाळू हा चर्मकार कुळांतील गोलंदाज हिंदु संघांत आला, तेव्हां मैदानावर त्याचा चेंडू चालत असे, पण चहाच्या वेळीं त्याचा पेला मंडपाबाहेर, मातीचा, निराळा असे. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर बळी घेतले. तरी हिंदु संघाचें नायकत्व त्यास कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल यास मिळालें. क्रिकेटच्या नियमांत जातीचा उल्लेख नव्हता आणि बास्केटबॉलच्या नियमांत वर्णाचा. माणसांस बाहेर ठेवणारा नियम कोठेंच लिहिलेला नव्हता. तो लोकांच्या मनांत होता, आणि तोंडीं नियमांत ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें होतें.

बास्केटबॉल हिंदुस्थानांत आला तोहि याच शिक्षकांच्या परंपरेनें. स्प्रिंगफील्ड येथें शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं मद्रासला १९२० सालीं वाय. एम्. सी. ए.चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं १९२७ सालीं नागपाड्यांत, नाना जातिधर्मांच्या दाट वस्तींत, नेबरहुड हाऊस ही सेवासंस्था उघडली, आणि तो नागपाडा पुढें मुंबईच्या बास्केटबॉलचें माहेर म्हणून ओळखला जाऊं लागला. अखिल हिंदुस्थानची पहिली स्पर्धा १९३४ सालीं दिल्लीस झाली व राष्ट्रीय संघटना १९५० सालीं स्थापन झाली. चाळीतल्या चौकांत मावेल एवढें लहान मैदान, दोन खांब, दोन कड्या आणि एक चेंडू इतक्यावर हा खेळ उभा राहतो. त्यासाठीं मोठी जमीन वा मोठी संपत्ति लागत नाहीं. तो गरीब वस्त्यांत रुजला याचें हेंहि एक कारण आहे.

नेस्मिथ यांनीं टंकलिखित करविलेल्या त्या दोन कागदांस २०१० सालीं लिलांवांत ४३ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली, आणि ते आज कॅन्सस विद्यापीठांत जपून ठेवले आहेत. १९५१ सालीं त्या विद्यापीठाच्या संघांत पहिला नीग्रो गडी उभा राहिला. स्प्रिंगफील्ड येथें बास्केटबॉलच्या थोर पुरुषांचें स्मारकमंदिर आहे. त्यास नेस्मिथ यांचेंच नांव दिलेलें आहे. ज्या जॉन मॅक्लेन्डनला गुरूच्या विद्यापीठाचा सदरा अंगांत घालतां आला नाहीं, त्याचें नांव १९७९ सालीं त्या मंदिरांत कोरलें गेलें, आणि संघाचा मार्गदर्शक म्हणून २०१६ सालीं पुन्हां एकदां. १८९९ सालच्या हंगामाचे सात जय व चार पराजय आज कोणाच्या लक्षांत नाहींत. परंतु आपल्या मुलांच्या सामन्यांत पंच होऊन त्यांच्याच विरुद्ध शिटी वाजविणाऱ्या त्या शिक्षकानें दोन्ही बाजूंस एकच माप लावण्याचा जो वळसा घालून दिला, तो शिष्याच्या शिष्यांपर्यंत पोंचला, आणि डरॅमच्या बंद दारांआड दहा तरुणांनीं तो पुरा केला.